छोट्या संगणकासाठी जादा एसएसडी : निवड कशी करावी ?

नवा संगणक घेताना प्रोसेसर कोणता आणि मेमरी किती, हे प्रश्न विद्यार्थी चारचौघांत आवर्जून विचारतात. साठवण किती, हा प्रश्न मात्र सहा महिन्यांनी, डिस्क भरल्याची सूचना पडद्यावर झळकू लागली म्हणजे सुचतो. टेबलाखाली मोठी टॉवरची पेटी असे तोपर्यंत याची फारशी फिकीर नव्हती; झाकण उघडून आणखी एक डिस्क बसविली की काम भागत असे. आता पोळ्यांच्या लहान डब्याएवढे संगणक आले आहेत. त्यांपैकी काहींच्या पोटात जादा डिस्कला जागाच नसते. मग बाहेरून जोडावयाची साठवण घ्यावी लागते, आणि दुकानात गेल्यावर एकाच आकाराच्या, एकाच क्षमतेच्या दोन वस्तूंच्या किमतीत दुप्पट फरक का, हे कोणी नीट सांगत नाही.

हा विषय या अंकात घेण्यास एक निमित्त आहे. आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे जुने खंड स्कॅन करून ठेवण्याचे काम मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांनी मिळून हाती घेतले आहे. त्यांतील कित्येक वर्षांच्या अंकांची एकेकच प्रत ग्रंथालयात शिल्लक आहे. कागद पिवळा पडून कडेने तुटू लागला आहे. हे काम ज्या छोट्या संगणकावर चालते तो २०२४ सालचा मॅक मिनी असून त्याची आतली साठवण २५६ जीबी आहे. ती अपुरी पडणार हे उघड होते. जादा साठवण कोणती घ्यावी हे ठरविण्याचे काम पदार्थविज्ञान विभागाकडे, म्हणजे पर्यायाने माझ्याकडे आले. त्या वेळी जो विचार केला तो येथे मांडतो. विद्यार्थ्यांना स्वतःच्या खरेदीत तो उपयोगी पडावा.

प्रथम एसएसडी म्हणजे काय ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर चुंबकीय खुणा उमटतात. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५ एमबी माहिती मावत असे. आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढ्यात जेमतेम बसेल. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकात विद्युतभार कोंडून ठेवण्याची एक कोठडी असते. अशा कोठडीची कल्पना बेल प्रयोगशाळेत डॉन कांग व सायमन झी यांनी १९६७ साली मांडली. पुढे जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी तिच्यावरून फ्लॅश मेमरी तयार केली. तिचा पहिला प्रकार त्यांनी १९८४ साली जाहीर केला आणि आज आपल्या हाती असलेला नँड हा प्रकार १९८७ साली. मोठा तुकडा एका झटक्यात पुसला जातो, ते पाहून कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण होते, म्हणून हे नाव पडले.

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना येथे एक ओळखीची गोष्ट भेटेल. कोठडीभोवती निरोधक ऑक्साइडचा थर असतो. इलेक्ट्रॉनजवळ तो ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, तरीही तो पलीकडे जातो. पुंजयामिकीत आपण ज्याला टनेलिंग म्हणतो आणि परीक्षेत आठ गुणांना लिहितो, तेच हे. प्रबळ विद्युतक्षेत्रात असे कसे घडते याचे गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच मांडले होते. लिहिताना व पुसताना इलेक्ट्रॉन या थरातून ये-जा करतात आणि प्रत्येक फेरीत थर किंचित झिजतो. एसएसडीला लेखनाची मर्यादा असते ती या झिजण्यामुळे. वाचण्याने ती झिजत नाही म्हटले तरी चालेल.

आता बाजारातील किमतींच्या फरकाचे पहिले कारण सांगतो. एका कोठडीत भार आहे की नाही, एवढेच पाहिले तर एक बिट साठते. भाराच्या चार पातळ्या ओळखता आल्या तर दोन बिट, आठ ओळखता आल्या तर तीन आणि सोळा ओळखता आल्या तर चार. यांना अनुक्रमे एसएलसी, एमएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी म्हणतात. एकाच खोलीत दोन माणसे राहिली तर कोण कोठे आहे ते चटकन कळते. सोळा जण कोंबले की हाक मारून शोधावे लागते. क्यूएलसीचे तसेच आहे. ती स्वस्त पडते, पण लिहिण्यास हळू आणि झिजण्यास लवकर. हा मंदपणा झाकण्यासाठी उत्पादक एक युक्ती करतात. रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एसएलसीप्रमाणे वापरून आलेली माहिती तेथे भराभर उतरवून घेतात आणि मागाहून सावकाश नीट रचतात. खोक्यावर छापलेला वेग या अंगणाचा असतो. अंगण भरले की खरा वेग उघडा पडतो. काही स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हमध्ये तो सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतो. ड्राइव्ह जितकी भरलेली तितके अंगण लहान, हेही ध्यानात असावे.

आपली गरज मोजणे ही त्यापुढची पायरी होय, आणि ती बहुतेक जण गाळतात. मी कागदावर केलेला हिशेब देतो. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले तर रुंदीत ४९६० आणि उंचीत ७०१६ ठिपके होतात. गुणाकार सुमारे ३ कोटी ४८ लाख. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका पानाचे सुमारे १०४ एमबी झाले. १५० पानांच्या अंकाचे साडेपंधरा जीबीहून थोडे अधिक, दहा अंकांचे १५६ जीबी आणि चाळीस अंकांचे सव्वासहाशे जीबी. गुणवत्ता न घालवता फाइल आवळण्याच्या पद्धती आहेत आणि त्यांनी आकार बराच कमी होतो. तरीही चुकीची माणसे, अर्धवट प्रयत्न, दुरुस्त केलेल्या प्रती, छपाईसाठी केलेल्या पीडीएफ यांना जागा लागतेच. म्हणून एक टीबी ही आमची किमान गरज ठरली. येथे एक बारीकशी गंमत आहे. उत्पादक एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट धरतात. मॅक २००९ सालापासून तसेच मोजतो. विंडोज १०२४च्या पटीने मोजते, म्हणून तीच ड्राइव्ह तेथे ९३१ जीबी दाखविते. दुकानदाराने फसविले असे समजून भांडावयास जाऊ नये.

आता वेगाचा हिशेब. एक पान उलटायचे, काचेवर सरळ ठेवायचे आणि दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्यावयाचा, यात मिनिटभर सहज जातो. म्हणजे मिनिटाला १०४ एमबी, सेकंदाला दोन एमबीसुद्धा नाही ! या कामाला जगातील सर्वांत मंद एसएसडीही पुरून उरेल. वेग लागतो तो सगळा संग्रह एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना. दहा अंकांचे १५६ जीबी जुन्या यूएसबी-२ मार्गाने नेण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवर वीस-बावीस मिनिटे. सेकंदाला १० गिगाबिटच्या यूएसबीवरील एसएसडीला पावणेतीन मिनिटे. थंडरबोल्टवरील उत्तम एसएसडीला, मूळ ड्राइव्ह तितक्या वेगाने पुरवठा करीत असेल तर, एक मिनिटाच्या आत. पहिल्या दोन पायऱ्यांतील फरक जीव वाचविणारा आहे. शेवटच्या दोनमधला, माझ्या मते, चहा ओतून घेईपर्यंतचा. स्नेहसंमेलनाची चित्रफीत थेट ड्राइव्हवरून संपादित करणाऱ्याचे मत वेगळे असेल आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल.

यानंतर पाहावयाचे ते संगणकाचे पोट. लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, इंटेलने २०२३ साली असूसकडे सोपविलेली एनयूसी मालिका, असे जे विंडोजचे छोटे संगणक असतात त्यांच्यापैकी अनेकांत एम-डॉट-टू नावाची एखादी रिकामी खाच किंवा अडीच इंची डिस्कची जागा असते. तशी असेल तर बाहेरचा लोंबता पसारा कशाला ? आतच बसवावी. मात्र खाच एक आणि पाहुणे दोन, अशी येथे अडचण आहे. एम-डॉट-टू हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटा पद्धतीची ड्राइव्हही येते आणि एनव्हीएमई पद्धतीचीही. साटाची धाव सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत. एनव्हीएमईची, तिच्या पिढीनुसार, साडेतीन हजार, सात हजार आणि त्याहूनही पुढे. काही खाचा दोन्ही स्वीकारतात, काही एकच. लांबीही पाहावी लागते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब. काही लहान संगणकांत २२४२च बसते. हे सर्व यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असते, आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते.

मॅक मिनीची गोष्ट निराळी. २०२४च्या मॉडेलमध्ये साठवणीची पट्टी सुटी निघते हे खरे, पण ती ॲपलच्या स्वतःच्या घडणीची आहे. बाजारातील एम-डॉट-टू ड्राइव्ह तेथे बसत नाही. कारखान्यातूनच अधिक साठवण मागवावी तर भारतात तो संगणक आला तेव्हा २५६ जीबीचा ५९,९०० रुपयांना आणि ५१२ जीबीचा ७९,९०० रुपयांना होता. म्हणजे २५६ जीबीचे वीस हजार रुपये. त्याच सुमारास चांगल्या कंपनीची एक टीबीची बाहेरची एसएसडी त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत असे. २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपांचे भाव चढू लागले, तेव्हा आजचा आकडा आजच विचारावा. प्रमाणातील तफावत मात्र ध्यानात यावी.

बाहेरून जोडावयाचे म्हटले की सगळे पोर्टवर येऊन ठेपते. वयस्क वाचकांना जुने मिरज जंक्शन आठवत असेल. तेथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ येऊन मिळत. पुण्याहून गाडी कितीही दिमाखात आली तरी बेळगावकडे निघालेल्या उतारूला मिरजेस सामान उतरवून मीटरगेजच्या डब्यात चढावे लागे, आणि पुढचा प्रवास त्या गाडीच्या चालीने होई. साठवणीचेही असेच आहे. ड्राइव्ह, तिची केसिंग, केबल आणि संगणकाचा पोर्ट अशा चार दुव्यांतून माहिती जाते. या चारांत जो अरुंद, त्याच्याच वेगाने सगळी वाहतूक होते.

एम-४ प्रोसेसरच्या मॅक मिनीला पुढच्या बाजूस दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, त्यांची मर्यादा सेकंदाला १० गिगाबिट. मागील बाजूस तीन थंडरबोल्ट-४ पोर्ट आहेत, त्यांची ४० गिगाबिट. एम-४ प्रो असलेल्या महाग मॉडेलला मागे थंडरबोल्ट-५ आहे. सर्वांची भोके दिसावयास एकसारखी. आठ बिटांचा एक बाइट आणि वाटखर्च वजा जाता १० गिगाबिटमधून सेकंदाला सुमारे हजार एमबी पदरात पडतात. ४० गिगाबिटमधून तीन हजारांच्या आसपास.

आता एक खरी मेख. १० आणि ४० यांच्या मध्ये २० गिगाबिटची एक यूएसबी पद्धत आहे. सॅमसंगची टी-९ ही त्या पद्धतीची ड्राइव्ह असून तिचा वेग सेकंदाला दोन हजार एमबीपर्यंत सांगितला जातो, आणि ज्या संगणकाला तसा पोर्ट आहे तेथे तो मिळतोही. पण एम-४ मॅक मिनीला ही मधली पद्धत अवगत नाही. मागच्या ४० गिगाबिटच्या पोर्टात खुपसली तरी ही ड्राइव्ह १० गिगाबिटनेच चालते. चाळिसाच्या दारातून विसाचा माणूस सहज जाईल, असे कोणालाही वाटेल. परंतु या दोन पद्धती एकाच जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. त्या वेगवेगळ्या भाषा आहेत. यजमानाला पाहुण्याची भाषा येत नसेल तर दोघे उभयतांना येणाऱ्या तिसऱ्या भाषेत बोलतात. बेळगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून अशा संगणकासाठी एकतर १० गिगाबिटची ड्राइव्ह घ्यावी, उदाहरणार्थ सॅमसंगची टी-७, अथवा एकदम यूएसबी-४ किंवा थंडरबोल्टची. मधल्या पायरीला दिलेले जादा पैसे येथे वाया जातात.

केबलकडे कोणी पाहतच नाही. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या कित्येक केबली केवळ चार्जिंगसाठी असतात आणि माहिती यूएसबी-२च्या, म्हणजे ४८० मेगाबिटच्या वेगाने नेतात. ड्राइव्हबरोबर आलेली केबल हीच वापरावी. ती हरवू नये म्हणून तिला चिठ्ठी बांधून ठेवावी. मॅकमध्ये सिस्टिम रिपोर्टमधील यूएसबीच्या यादीत जोडलेली वस्तू कोणत्या वेगाने बोलते आहे ते दिसते. दहा गिगाबिटऐवजी ४८० मेगाबिट दिसले तर पहिला संशय केबलवर घ्यावा.

बंद पेटीतील तयार ड्राइव्ह घ्यावी की रिकामी केसिंग व एम-डॉट-टू ड्राइव्ह वेगवेगळी घेऊन जोडावी ? माझा कल दुसरीकडे आहे. केसिंगमधील यूएसबीची चिप बिघडली तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येते आणि माहिती शाबूत राहते. पुढे मोठी ड्राइव्ह घेतली तर केसिंग तीच चालते. नवा वेगवान संगणक आला तर ड्राइव्ह तीच ठेवून केसिंग बदलता येते. जोडणीला एक स्क्रू आणि पाच मिनिटे लागतात. पण केसिंग ॲल्युमिनियमची असावी आणि चिप व केसिंग यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी रबरी पट्टी लावावी. एनव्हीएमई ड्राइव्ह काम करताना चांगलीच तापते आणि फार तापली की स्वतःचा वेग उतरविते. संगणकावर क्रोशाचे आच्छादन घालण्याची आपल्याकडे हौस आहे. ते निदान या डबीवर घालू नये. तसेच मॅक मिनीखाली बसणारे, त्याच आकाराचे डॉक मिळतात, त्यांत ड्राइव्हची खाच असते. दिसतात छान. पण त्यांतील पुष्कळ १० गिगाबिटचेच असतात, आणि या संगणकाचे बटण तळाशी आहे, तेव्हा ते दाबता येईल अशी जागा डॉकला आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

ड्राइव्ह झिजून संपेल ही भीती विद्यार्थ्यांच्या मनात असते. ती आकड्यांनी घालवू. उत्पादक किती टीबी लिहिण्यापर्यंत हमी देतो हे माहितीपत्रकात छापलेले असते. सॅमसंगच्या एक टीबीच्या ८७० इव्हो या टीएलसी ड्राइव्हला ते ६०० टीबी आहे, तर त्याच आकाराच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी ड्राइव्हला ३६०. दोन प्रकारांतील फरक यावरून दिसतो. पण रोज ५० जीबी लिहिले तरी पहिलीची हमी सुमारे ३३ वर्षे पुरेल आणि दुसरीची सुमारे २० वर्षे. त्याआधी आपलाच संगणक मोडीत जाईल. तेव्हा टीएलसी घ्यावी ती मोठी फाइल उतरविताना दम न लागावा म्हणून. आयुष्याच्या चिंतेने नव्हे.

चिंता करावयाची ती बनावट मालाची. १६ टीबीची एसएसडी दीड-दोन हजार रुपयांत, अशा जाहिराती इंटरनेटवरील दुकानांत दिसतात. तिच्या सुबक डबीत प्रत्यक्षात एखादे साधे मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि त्याची चिप संगणकाला १६ टीबी असे खोटेच सांगते. दुष्टपणा असा की ती लगेच उघडी पडत नाही. फाइली जातात, नावे यादीत दिसतात, पाने मोजली तर बरोबर भरतात. खरी जागा संपल्यावर मात्र नवी माहिती जुनीवर लिहिली जाते किंवा हवेत विरते. एखाद्या विद्यार्थ्याने आपला प्रकल्प अशा डबीत ठेवून मूळ प्रत पुसली तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याला ते कळावयाचे. उपाय सोपा आहे. ड्राइव्ह घेतल्याबरोबर, तिच्यात मोलाचे काहीही ठेवण्यापूर्वी, ती काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहावी. विंडोजसाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स व मॅकसाठी एफ-थ्री हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम हेच करतात. एक टीबीला थोडा वेळ लागतो, लागू द्यावा. आमच्या ड्राइव्हची ही परीक्षा प्रयोगशाळेत दोन विद्यार्थ्यांनी घेतली आणि त्यानंतरच ती ग्रंथालयात गेली.

विजेचा प्रश्न आपल्या भागात विसरून चालत नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. छोट्या डेस्कटॉपला नसते. पावसाळ्यात दुपारी दिवे जातात त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर अर्धवट फाइल आणि क्वचित सगळी यादीच बिघडते. म्हणून ड्राइव्हच्या किमतीत एका लहान यूपीएसची किंमत मिळविणे मला आवश्यक वाटते. ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे यालाही येथे महत्त्व आहे. केवळ मॅकवर वापरावयाची असेल तर ॲपलची एपीएफएस पद्धत उत्तम. अचानक वीज गेली तरी ती सहसा सावरते. विंडोज व मॅक दोन्हीकडे न्यावयाची असेल तर एक्सफॅट चालते, पण असा धक्का सोसण्याची तिची शक्ती कमी. विंडोजची एनटीएफएस मॅक वाचतो, परंतु आपण होऊन तिच्यावर लिहीत नाही. आम्ही कामाची ड्राइव्ह एपीएफएस ठेवली आणि देवघेवीसाठी एक लहान पेनड्राइव्ह एक्सफॅट केला.

याच ओघात मराठी-कन्नड अंकाच्या संपादकांसाठी थोडेसे. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी किंवा नुडीच्या अक्षरांत टंकलेल्या फाइली नुसत्या उचलून ठेवल्या तर दहा वर्षांनी त्या उघडतील, पण त्यांत अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसेल. त्या फाइलींबरोबर त्यांचे फाँट आणि एक पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. याला जागा नगण्य लागते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हार्ड डिस्क मरताना बहुधा कुरकुर करते. एसएसडी पुष्कळदा काहीही न बोलता जाते. शिवाय पुसलेली फाइल जुन्या डिस्कवरून पुष्कळदा परत काढता येई. एसएसडीत रिकामी झालेली जागा आतल्या आत साफ होत असल्याने ती आशा थोडी. २०२३ साली एका नामांकित कंपनीच्या बाहेरच्या एसएसडी अचानक बंद पडून लोकांची माहिती गेली आणि कंपनीला त्यांच्या आतील प्रोग्रॅमची दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे नाव मोठे असणे हे काही विम्याचे पत्र नव्हे. कपाटात ठेवून देण्यासही एसएसडी योग्य नाही. कोठडीतला भार हळूहळू गळतो. या उद्योगातील मानकाप्रमाणे, लेखनाची पूर्ण मर्यादा गाठलेल्या सामान्य एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरून ठेवावी अशी अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ टिकेल, तरी पन्नास वर्षांचे अंक तिच्या भरवशावर कुलूपबंद करणे मला पटत नाही.

पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे : प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. त्याप्रमाणे आम्ही पैशांची वाटणी केली. थंडरबोल्टच्या केसिंगला जे जादा द्यावे लागले असते ते न देता १० गिगाबिटची ॲल्युमिनियमची केसिंग आणि एक टीबीची टीएलसी ड्राइव्ह घेतली, आणि वाचलेल्या पैशांत भर घालून दोन टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क. एसएसडी संगणकाच्या मागच्या पोर्टात कायमची असते; पुढचे दोन पोर्ट स्कॅनर आणि पेनड्राइव्हसाठी मोकळे राहतात. संगणकाची आतली २५६ जीबी प्रणाली आणि प्रोग्रॅमसाठी ठेवली असून तिचा तिसरा हिस्सा नेहमी रिकामा असावा असा दंडक आहे. एक हार्ड डिस्क दर शनिवारी काम संपल्यावर जोडून प्रत घेतली जाते आणि ग्रंथालयाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जाते. बेळगावच्या जून-जुलैच्या दमट हवेत त्या पुड्या महिन्याने बदलाव्या लागतात. दुसरी महिन्यातून एकदा अद्ययावत करून कन्नड विभागातील एका प्राध्यापकांच्या घरी असते. दर सहा महिन्यांनी तिन्ही ठिकाणचा कोणताही एक अंक काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावयाचा, असे ठरले आहे. पहिल्या तपासणीचे काम तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे आहे, आणि ज्यांना हात लावून शिकावयाचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयात यावे. केसिंग उघडून दाखविण्यास मी तेथे असतो.